पेन्सिल पत्रा खाते

आमचे बाबा कुठेही गेले की आधी वर बघतात. दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावून "श्वास घ्या" म्हणत असतात आणि बाबा त्यांच्या डोक्यावरच्या पत्र्याचे स्क्रू मोजत असतात. एकदा ओळखीतलं कुणी गेलं म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. परत येताना म्हणाले, "माणूस भला होता. पण पडवीच्या पत्र्याला उतार कमी दिलाय." आईने मान फिरवली. मला हसू आवरेना. चाळीस वर्षं जो माणूस पत्र्याखाली कमी आणि पत्र्यावर जास्त राहिला, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची?

पत्रेवाले हेच त्यांचं नाव. खरं नाव कागदोपत्री उरलंय. गोदामं, कारखान्यांच्या शेड, दुकानांच्या मागच्या भिंती, जिथे जिथे जस्त चढवलेला पत्रा लागला तिथे तिथे बाबा गेले. मला पाढ्यांच्या आधी पत्र्याचे नियम पाठ झाले होते. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, नालीत नाही, कारण पाणी नालीतून वाहतं. ओले पत्रे एकावर एक रचायचे नाहीत, पांढरा गंज चढतो. आणि पत्रा कापायचा तो कातरीनेच. ग्रायंडरने काम झटपट होतं, पण ठिणग्या उडून आजूबाजूचं जस्त जाळतात, आणि जिथे ठिणगी पडली तिथे वर्षभरात तांबडा डाग. "लोखंडाला जस्ताचं पांघरूण आहे," बाबा सांगायचे. "पांघरूण फाटलं की लोखंडाचं काही खरं नाही."

संध्याकाळी घरी आले की बूट काढायलाच त्यांना दहा मिनिटं लागत. एक पाय उचलायचा, थांबायचं, मग दुसरा. दिवसभर तापलेल्या पत्र्यावर उकिडवं बसून गुडघे कधीच कामातून गेले होते. जेवताना त्यांचा घास हातात तसाच राहायचा आणि डोळे मिटायचे. आई हळूच म्हणायची, "अहो, जेवताय ना?" मग ते दचकून घास तोंडात घालायचे. माझ्या लहानपणातले बाबा म्हणजे हेच, झोपेत जेवणारे.

या पत्रेवाल्याच्या कानावर मात्र कायम सुताराची चपटी पेन्सिल. सुरुवात त्यांनी सुतारकामाने केली होती. लाकूड महागलं, छपरं पत्र्याची व्हायला लागली, तसे ते पत्र्याकडे वळले. रंधा सुटला, करवत सुटली, पेन्सिल सुटली नाही. पत्र्याची लांबी लिहायची तीही जुन्या पद्धतीने. साडेदहा फुटांना ते १०॥ असं लिहितात. मी शाळेत पहिलीला शिकवते, आता तसं लिहिणारं माणूस मला तरी दुसरं माहीत नाही.

या पेन्सिलीवरून मामा त्यांना छेडायचा. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. तो पहिल्यापासून पत्र्याच्याच कामात वाढलेला, खूण करायला त्याच्या खिशात नेहमी खडू असायचा. त्याच्या वस्तादाने त्याला एक वाक्य शिकवलं होतं, ते तो जेवायला बसल्या बसल्या बाबांना ऐकवायचा.

"दाजी, पेन्सिल पत्रा खाते बरं का."

"पेन्सिल काय पत्रा खाणार? उंदीर आहे का?"

"शिसपेन्सिलीची रेघ आणि जस्त यांचं जमत नाही. दमट हवेत त्या रेघेखालचं जस्त आधी जातं. वस्ताद सांगायचे."

"तुमच्या वस्तादांना म्हणावं, माझी पेन्सिल शाकाहारी आहे."

सगळे हसायचे, मामा सगळ्यात जास्त. पुढे पुढे कुणी खडू आणायला विसरलं की आईसुद्धा म्हणायची, "घ्या पेन्सिल, होऊ दे तिचं जेवण."

सोळा वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. मामा डावखुरा, म्हणून छपराची डावी बाजू त्याची आणि उजवी बाबांची. खाली जमिनीवर पत्रे कापून झाले की बाबा दोन गठ्ठे करायचे, एक आपला, एक मेव्हण्यांचा, आणि मग दोघे वर चढायचे. वर गेल्यावर एकमेकांशी बोलावंही लागायचं नाही म्हणे. इकडून ड्रिलचा आवाज, तिकडून ड्रिलचा आवाज, मध्ये आढ्यापाशी भेट.

ही जोडी एका गोदामाने मोडली. धान्याची पोती ठेवायचं मोठं गोदाम, त्याचं छत दोघांनी घातलं आणि सहा वर्षांनी मालकाचा निरोप आला की डावी बाजू गळतेय, खालची पोती भिजली. त्या आठवड्यात बाबांचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. तरी ते गेले, दोन्ही बाजूंना शिडी लावून, अर्ध्यावरूनच मान उंच करून त्यांनी पाहिलं. उजवी बाजू लखलखीत. डावीकडे लांबूनच तांबडे डाग दिसत होते, रांगेने. त्यांना तेवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी मामाही जाऊन वर चढून बघून आला, आणि तिथून थेट आमच्या घरी आला.

"डावी बाजू कुणाची?" बाबांनी त्याला बसही म्हटलं नाही.

"माझी."

"मग? मी जेवायला गेलो तेव्हा ग्रायंडर चालवलात ना?"

"कातरीनेच कापलेत, दाजी. तुम्ही एकदा वर जाऊन बघा."

"मला बघायची गरज नाही."

"बघा तर एकदा."

"सोळा वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला, तीच माझी चूक."

मामा आईकडे वळला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओले. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हे म्हणतात ते खरं असेल. तू घाई करतोसच."

मामा दाराकडे वळला. मग चपला घालताना पुन्हा म्हणाला, "वर जाऊन बघा, दाजी. मी तोंडाने सांगणार नाही." आणि गेला.

बाबा वर गेले नाहीत. गुडघा बरा झाल्यावरही गेले नाहीत. मालकाने आपली माणसं लावून डाव्या बाजूला डांबर फासून घेतलं आणि तो विषय त्याच्यापुरता मिटला. मामाने पत्र्याचं काम सोडलं, दुसऱ्या गावात एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. बाबांच्या तोंडी 'मेव्हणे' हा शब्द पुन्हा आला नाही. अगदी बोलायची वेळ आलीच तर "हिचा भाऊ" म्हणायचे. मामाच्या मुलीचं लग्न झालं, आम्हाला आमंत्रण आलं, आम्ही गेलो नाही. त्या दिवशी आईने घरातली सगळी भांडी फळीवरून खाली काढून घासली. जी वर्षभर वापरात नव्हती तीसुद्धा. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, मला काहीतरी करायला हवंय."

नऊ वर्षं अशी गेली. मला दोघांचाही राग यायचा. बाबांचा जास्त. पण सत्तरीकडे झुकलेल्या, बूट काढताना थांबणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

यंदा शाळेला सुट्टी लागली आणि त्याच गोदामाच्या मालकाचा फोन आला. सगळं छत काढून नवा रंगीत पत्रा घालायचा होता. "माणसं माझी आहेत," तो म्हणाला, "तुम्ही नुसतं खुर्चीवर बसून लक्ष ठेवा. मूळ काम तुमचं, कुठे काय आहे ते तुम्हालाच ठाऊक." बाबा लगेच तयार झाले. आईने मला बाजूला घेतलं. "तू जा बरोबर. शिडीला हात लावू देऊ नकोस."

गोदाम रिकामं केलं होतं. आत अंधार, धान्याचा जुना वास, पायाखाली भुसा. बाबा सवयीने वर बघायला लागले, म्हणून मीही वर पाहिलं. डावीकडचं डांबर वाळून पापुद्रे सुटून गेलं होतं आणि पत्र्यातून उजेड आत येत होता. पण तो गंजलेल्या भोकांचा उजेड वाटेना. भोकं गोल असतात. या रेघा होत्या. वळणाच्या, गाठीच्या, आणि प्रत्येक पत्र्यावर तशाच.

पहिलीतली निम्मी मुलं अक्षरं उलटी काढतात. वीस वर्षं मी तीच वाचत आलेय, मला आरसा लागत नाही. खालून उलटं दिसणारं ते अक्षर मी वाचलं. १०॥ मेव्हणे. पुढच्या पत्र्यावर, १०॥ मेव्हणे. त्याच्या पुढे नुसतं 'मेव्ह', बाकीचं डांबराखाली. अकरा पत्रे ओळीने, आणि सगळ्यांवर माझ्या बाबांचं अक्षर.

"काय बघतेस?" बाबांनी विचारलं. त्यांचा चष्मा खिशात होता.

"काही नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली. म्हणजे त्यांच्यासाठी वाटली.

थोड्या वेळाने कामगारांनी डावीकडचा पहिला पत्रा खाली उतरवला आणि बाहेर उन्हात आडवा टाकला. एक जण म्हणाला, "काका, यावर काहीतरी लिहिलंय." बाबांनी चष्मा लावला. एका हाताने माझा खांदा धरून ते खाली वाकले. अक्षराच्या कडा तांबड्या, खरबरीत, आणि मधला पत्रा पार खाल्लेला. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. बाजूला मात्र जस्त अजून शाबूत होतं, कापलेल्या कडेलासुद्धा ठिणगीचा एक डाग नव्हता.

ते किती वेळ वाकून होते कोण जाणे. मग जमिनीवरच बसले.

"माझ्या पत्र्यांवर मी काहीच लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "माझे मला ठाऊकच होते. नाव फक्त त्यांच्या पत्र्यांवर घातलं. एवढे पत्रे पहिल्यांदाच होते, गठ्ठे मिसळू नयेत म्हणून."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि खिशात घातली. मग कामगाराकडून कातर मागून घेतली. माझा हात बाजूला सारून त्यांनी स्वतः त्या पत्र्याचा एक तुकडा कापला, अक्षर आणि जुनी कड दोन्ही येतील असा. मनगटात जोर नव्हता, कातर दर दोन बोटांवर अडायची. अर्धा तास लागला. उरलेले पत्रे भंगारवाल्याच्या गाडीत गेले.

गोणपाटात गुंडाळलेला तो तुकडा त्यांनी घरी आणला आणि दारामागे उभा केला. आईने विचारलं, "काम कसं झालं?" बाबा म्हणाले, "झालं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तीन दिवस तो तुकडा दारामागे होता. मला कळत होतं काय चाललंय. बोलले नाहीत तर कुणाला काही समजणार नव्हतं. अक्षरं भंगारात वितळून जाणार, मामा दुसऱ्या गावात, आई तिच्या भांड्यांत. अडचण होती ती फक्त माझी, कारण मी वाचलं होतं. एकदा वाटलं, सरळ आईला सांगून टाकावं. पण हे माझ्या तोंडून गेलं असतं तर बाबांना बोलायची वेळच आली नसती, आणि ते त्यातून फुकट सुटले असते. मला ते नको होतं. मी वाट पाहिली आणि मनातून रोज थोडी जास्त चिडत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी आई केर काढत होती. गोणपाट हलवून म्हणाली, "अहो, हे काय आणून ठेवलंय?"

"पत्रा."

"ते दिसतंय मला."

बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "ते गोदामाचं छत मी घालवलं," ते म्हणाले. "माझ्या पेन्सिलीने. तुझ्या भावाने कातरीनेच कापलं होतं."

आईने गोणपाट उलगडलं. महिन्याची यादी बाबांच्याच हातची असते, त्यांचं अक्षर तिला अंधारातही वाचता येईल. तिने ते वाचलं, बोट एकदा त्या भोकावरून फिरवून पाहिलं, आणि हातातल्या झाडूसकट खाली बसली.

"त्या दिवशी मी तुमच्या बाजूने बोलले होते," ती म्हणाली.

"हो."

"पाठच्या भावाला मी त्याच्या तोंडावर खोटं पाडलं. न बघता."

"मीही बघितलं नव्हतं."

"तुम्ही नव्हतं बघितलं म्हणूनच तर." तिचा आवाज चढला नाही. थकलेल्या माणसाचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. "नऊ वर्षं मी स्वतःला सांगतेय की तोच चुकला असेल. नाहीतर मला झोप लागली नसती."

बाबांनी कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उद्या जातो त्यांच्याकडे. तू चल."

"मी नाही येणार. आधी तुम्ही जा. ज्याने सांडलं त्याने पुसावं, मग मी येईन." ती उठली, केर काढायला लागली, आणि कोपऱ्यात गेल्यावर पाठमोरीच म्हणाली, "गोड काही नेऊ नका. त्याला साखरेचा त्रास आहे."

नऊ वर्षं ज्याचं नाव घरात निघालं नाही, त्याच्या साखरेची खबर तिला होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी दोन तासांचा बसचा प्रवास केला. बाबांनी तो तुकडा मांडीवर धरला होता, खाली ठेवू दिला नाही. वाटेत मी विचारलं, "काय बोलणार आहात?" म्हणाले, "बोलायचं काय? हे दाखवलं की झालं." मग मला कळलं, तुकडा कशासाठी कापला होता ते. बाबांना जन्मात माफी मागता आलेली नाही. ते काम त्यांनी पत्र्यावर सोपवलं होतं.

मामाचं घर दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर बाबा थांबले. दार मामाच्या सुनेने उघडलं, आम्हाला ओळखलं, आणि वाट देऊन आत सरकली. मामा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. मांडीवर ताट, ताटात मिसळलेले स्क्रू, आणि बाजूला चार वाट्या. दुकानातून अजून त्याच्याकडे स्क्रू निवडायला येतात, असं सून मागाहून म्हणाली. तो एकेक उचलायचा, अंगठ्याने चाचपायचा आणि बरोबर वाटीत टाकायचा. नजर मात्र खिडकीकडे होती, आणि ती तिथून हलली नाही.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

बाबा दारातच थिजले. साखरेने डोळे नेलेत हे आईलाही ठाऊक नसावं.

"मी आहे, मामा," मी म्हणाले.

"तू होय. ये. आणि बरोबर कोण आहे?" त्याने मान कलती केली. "गुडघा वाजतोय कुणाचा तरी. या दाजी, बसा."

बाबा बसले. गोणपाट सोडून त्यांनी तो तुकडा मामाच्या हातात दिला. एवढा लांबवर जपून आणलेला तुकडा, आणि तो बघायला समोर डोळेच नव्हते. मला बाबांची इतकी कीव आली की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मामाने ताट बाजूला केलं. आधी कडेवरून अंगठा फिरवला. "ही कड माझी. कातरीची." मग दुसऱ्या बाजूने. "ही नवी आहे. हात थरथरलाय कापणाऱ्याचा. तुम्हीच कापलीत, दाजी." तो किंचित हसला. मग त्याचा तळहात मधोमध आला, एक बोट गंजलेल्या भोकात शिरलं आणि तिथेच थांबलं.

"पेन्सिल माझी होती," बाबा म्हणाले. "नाव तुमच्याच पत्र्यांवर घातलं, म्हणून तुमचेच गेले. माझं चुकलं. मी वर जाऊन बघायला हवं होतं."

"मला तेव्हाच दिसलं होतं. तेव्हा दिसायचं मला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, याने मागाहून लिहिलं. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं."

बाबांनी तसंच म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

मामाने तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून बाबांच्या पुढे धरला.

"वाचा."

"काय?"

"लिहिलंय ते. मला आता दिसत नाही. तुमचंच अक्षर आहे, तुम्हीच वाचून दाखवा."

बाबांनी चष्मा लावला. पत्रा मामाच्या हातात होता, बाबांनीही त्याची दुसरी कड धरली. "साडेदहा," ते म्हणाले, आणि थांबले.

"पुढे?"

बाबांचे ओठ दोनदा हलले. घरात नऊ वर्षं न उच्चारलेला शब्द होता तो, सहज कसा निघेल.

"मेव्हणे," ते म्हणाले.

"ओ," मामा म्हणाला.